बसायचा पगार

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गच्चीवर वाकळेची घडी. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, तिनंच शिवलेली. धुतली की म्हशीएवढी जड व्हायची. दिवसभर वाळत घातली होती. संध्याकाळी दोन कोपरे तिनं धरले, दोन मी.

"ताणा की. जेवला न्हाई का?"

"ताणतोय."

"टोकाला टोक लावा. तुमचं टोक म्हंजे आपलं जवळपास."

मी चिडून जरा जोरात ओढली, तशी ती दोन पावलं पुढं आली आणि हसली. घडी झाली. मला उचलू दिली नाही. स्वतःच डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. रात्री जेवलो, झोपलो. पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. आता हृदय म्हणा नाहीतर काही म्हणा.

मग माणसं भेटायला यायला लागली. यायची, भिंतीला टेकायची, हात मांडीवर ठेवायची आणि गप्प बसायची.  माझ्या एकच सारखं मनात यायचं, की ही असती तर यातल्या एकालाही असं बसू दिलं नसतं. प्रत्येकाच्या पुढ्यात लसूण ओतला असता.

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. ती होती तेव्हा घेतलं नाही, आता तरी कशाला घेऊ.

तिला बसलेला माणूस बघवायचा नाही. स्वतः बसली तरी हाताला काहीतरी चालू असायचं, आणि समोरच्याचे हात रिकामे दिसले की तिला खाज सुटायची. एक विमावाला यायचा. पायात चकचकीत बूट, बगलेत बॅग. तो पॉलिसीचं सांगायला लागला की ही "व्हय, व्हय" करत त्याच्यापुढं सूप सरकवायची. पॉलिसी आम्ही घेतली नाही, पण तो तीनदा आला तेवढ्यात आमचा लोणच्याचा लसूण सोलून झाला. लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तिनं माळ्यावरचे डबे खाली काढून द्यायला लावले. "शिडी तुमच्याकडंच हाय, मग काय झालं?" असं वर त्यालाच सुनावलं.

मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तर मी हिला आदल्या दिवशी हात जोडले होते. म्हटलं, उद्याचा एक दिवस तुझं ते बंद ठेव. ती म्हणाली, "ठेवते की." मुलाचा बाप ऑफिसातून रिटायर झालेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कांदेपोहे झाले, चहा झाला आणि मग सगळे गप्प.  तेवढ्यात हिनं आतून शेंगांची पाटी आणली आणि त्या गृहस्थांच्या पुढ्यात ठेवली.

"जरा फोडू लागा. बोलता बोलता व्हतंय."

मी डोळे मिटले. थोड्या वेळानं हिचाच आवाज आला, "पाव्हणं, फोडताय का खाताय?"

मला वाटलं, गेलं स्थळ. पण सोयरीक जुळली. व्याही पुढं मला म्हणाले, "अहो, मुली बघत दहा घरं हिंडलो. सगळीकडे हाताचं काय करायचं हाच प्रश्न. तुमच्याकडे पहिल्यांदा सुटला." जावई अजून आला की आधी हात धुतो आणि विचारतो, काय निवडायचंय?

हे तिला आलं कुठून, तर दुष्काळातून. आमचं गाव माणदेशाकडं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा ही परकरातली पोर होती, आईबरोबर सरकारी कामावर खडी फोडायला जायची. त्याचा तिला भारी अभिमान. "सरकारनंसुदीक फुकट न्हाई दिलं. खडी मोजून घेतली, मगच दाणं दिलं." मी म्हणायचो, "ती खडी अजून तिथंच पडलीय. रस्ता झालाच नाही." ती म्हणायची, "रस्ता न्हाई झाला, पर आमी झालो की."

असल्या बाईच्या नवऱ्याला एक दिवस बसायचा पगार सुरू झाला. ती गोष्ट सांगतो.

नव्वदच्या पुढची सालं. आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीच्या घरात राहायचो. हमरस्त्याच्या पलीकडं पावण्याला आमची कंपनी, पंप बनवायची. मी ड्रिल मशीनवर. चौथीपर्यंत शाळा, पण हात बरा होता. मग बाहेरचा स्वस्त माल यायला लागला आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. एक दिवस गेटवर कागद लागला. ले-ऑफ. म्हणजे नोकरी आहे, पण काम नाही. कामावरून काढत नव्हते, तर घरी बसवून अर्धा पगार देत होते. मात्र त्यासाठी रोज गेटवर येऊन हजेरीची सही करायची. आमचा साहेब पक्का, त्यानं सकाळी एक सही आणि दुपारी एक सही ठेवली. म्हणजे मधल्या वेळात कुणी दुसरीकडं कामाला जायला नको. दुसरीकडं काम करताना सापडला की अर्धा पगार बंद.

आता खरं सांगायचं तर पहिले दिवस आम्हाला लग्नघरासारखे गेले. इतकी वर्षं मशीनचा आवाज खाल्लेला, आता गेटासमोरच्या पिवळ्या फुलांच्या झाडाखाली आडवं व्हायचं, पत्ते कुटायचे. बाळाराम म्हणून आमचा एक सोबती होता, इथलाच, खाडीकाठच्या गावचा. त्याच्या बापाच्या शेतावरच कंपनी उभी राहिलेली, म्हणून त्याला नोकरी मिळालेली. तो झाडाखाली पाय पसरून म्हणायचा, "मी माझेच जमिनीन बसलोय. मना कोन उठवनार?"

माझा हिशोब सरळ होता आणि मला तो अजूनही बरोबर वाटतो. बाहेर रोजंदारीवर दिवसभर पाठ मोडली तर जे मिळायचं ते या अर्ध्या पगारापेक्षा थोडंसंच जास्त. त्या थोड्याशासाठी घाम कशाला गाळायचा? आणि उद्या कंपनी उघडली म्हणजे? नाव हजेरीत असलेलं बरं. मी एकटा नाही, झाडाखालचे सगळे असंच म्हणायचे. शहाणी माणसं होती ती.

हिला हे पटेना. पहिल्या आठवड्यात मी दोन सह्यांच्या मधे घरी यायचो. पण घरी आलो की कपाटाला रंग दे, पाट्याला टाकी लाव, शेजारणीच्या खाटेची नवार आवळ. टाकी म्हणजे पाटा छिन्नीनं टोचून खरबरीत करायचा. आमचा पाटा तिनं इतक्यांदा टोचायला लावला, की मिरची नुसती ठेवली तरी वाटली जायची. म्हणून मी घरी येणंच बंद केलं. म्हटलं, झाडाखाली बरं.

तर ती झाडाखाली आली.

एका दुपारी रिक्षा थांबली आणि ही उतरली, डोक्यावर लसणाचं पोतं. वाशीच्या बाजारात लग्नाच्या जेवणांचा एक ठेकेदार तिनं गाठला होता. त्याला सोललेला लसूण लागायचा. तिनं पोतं आमच्या पत्त्यांवरच ओतलं.

"हे घ्या. इस्पिकाच्या राणीपेक्षा ह्येला हात लावा. गप्पा काय तोंडानं मारायच्या असत्यात."

बाळाराम म्हणाला, "वयनी, आमी पंपवाली मानसां, लसून सोलू?"

"मग पंप आना, त्यो सोला."

हसले सगळे. पण खरं सांगतो, बसून बसून हात आंबले होते. एकानं सुरुवात केली, मग दुसऱ्यानं. थोड्या वेळात पत्ते बाजूला पडले आणि सगळं झाड लसणाच्या वासानं भरलं. बाळाराम तर चढाओढ लावून सोलत होता.

तेवढ्यात टाइमकीपर गेटातून बाहेर आला. हजेरीचं काम त्याच्याकडं. काटकुळा माणूस, गळ्यात सदा मफलर.

"ओ ताई, काय चाललंय हे? हा धंदा झाला. ले-ऑफवरच्या माणसाला दुसरं काम करता येत नाही. सगळ्यांची हजेरी बंद होईल."

 काहींनी लसूण खिशात कोंबला. ही मात्र शांत.

"बसायचं पैसं देता न्हवं? मग ते बसल्यात की. बसून काय करत्यात त्येचं काय देता तुमी?"

"तसं नसतं ताई. नियम आहे."

"सांगा की नियम. आदी हे धरा."

"हे मला कशाला?"

"धरा तर. बोलताना हात मोकळं नसावं."

आणि त्याच्या हातात तिनं लसणाची गड्डी दिली. तो नियम सांगायला लागला. अर्धा पगार कशासाठी, कुणाला, कधी तुटतो, वरून साहेबाचा फोन कसा येतो. सांगताना त्याची बोटं आपली गड्डी फोडत होती. एक पाकळी सोलली, दुसरी सोलली, सोललेल्या ढिगात टाकली. आम्ही सगळे डोळे फाडून बघतोय. चौथ्या पाकळीला बाळाराम ओरडला, "साहेब, तुमचीपन हजेरी बंद!"

टाइमकीपरनं हाताकडं पाहिलं आणि विंचू असावा तशी गड्डी टाकली. मग तोही हसला. पण हसून भागणार नव्हतं. आतून काचेतून साहेबानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर नवा कागद. ले-ऑफवरच्या कामगारांनी गेटासमोर कुठलंही काम करू नये. कुठलंही म्हणजे कुठलंही. आमच्यातला एकजण चाकूनं लाकडाचे बैल कोरायचा, त्याचा चाकू काढून घेतला. एकजण कंदील दुरुस्त करायचा, त्याला दम भरला. पत्ते चालतील म्हणाले, पण आता पत्त्यांतही मन लागेना. त्या दिवसापासून आम्ही नुसतं बसायचं काम करायला लागलो. त्याच्याइतकं अवघड काम मी जन्मात केलं नाही. सगळे हिला शिव्या घालायचे, तोंडावर नाही, पण मला ऐकू येतील अशा.

मी घरी येऊन म्हटलं, "बघ, तुझ्यामुळं होतं तेही गेलं."

"माझ्यामुळं न्हाई. बसायचा खरा नियम आता कळला तुमाला."

असे महिने गेले. झाडाखाली बोलणं कमी झालं. सकाळची सही, दुपारची सही आणि मधे रस्त्यावरचे ट्रक बघायचे. एक दिवस बाळाराम मला म्हणाला, "माझा मेवना जासईला मुकादम हाय. तिथं बंदराचे कंटेनर ठेवतान त्या यार्डान मानसां पायजेत. जाशील?"

"तू का जात नाहीस?"

"मेवन्याचे हाताखाली? मेलो तरी नाय."

काम रोजचं, पण कायमचं नाही. कंटेनर उघडायचे, माल उतरवायचा, झाडून साफ करायचे. जासईला गेलं तर दोन सह्या बुडणार, अर्धा पगार बंद होणार आणि पुढं नोकरी संपल्यावरच्या हिशोबात काय देतील ते देवाला ठाऊक. मी नाही म्हटलं. घरी आल्यावर हिला सहज सांगितलं, ही चूक झाली.

"जावा की."

"कंपनी उघडली तर?"

"उघडली तर उघडली."

"तुला काय जातंय बोलायला? इतकी वर्षं घासलेलं सोडून देऊ?"

ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही पदर खोचून उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"मी आली हाय. काम हाय का?"

"काय?"

"न्हाई न्हवं? मग बसती. आजपासनं माझाबी ले-ऑफ."

आणि उंबऱ्यावर बसली. चहा मागितला तर अर्धा कप मिळाला. जेवायला अर्धी भाकरी, वाटीत अर्धी आमटी. घर अर्धं झाडलेलं, खिडकीपासून मोरीपर्यंत स्वच्छ आणि पुढं केर तसाच. पोरीची एकच वेणी घातली. ती पोर रडत शेजारच्या पाटीलवहिनींकडं गेली आणि दुसरी घालून शाळेत गेली. उरलेली अर्धी भाकरी कुठं जायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण गल्लीतलं एक कुत्रं त्या दिवसांत चांगलं गुटगुटीत झालं.

मीही हट्टी. म्हटलं, कर. बसणं तुला जमणारच नाही, उद्या दुपारपर्यंत आपोआप उठशील. झाडाखाली सगळ्यांना सांगितलं, पोट धरून हसले. बाळाराम तर विचारायचा, "वयनीची सही झाली काय रं?"

दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही.

इथं एक मधेच सांगतो, म्हणजे तुम्ही हिला फार शहाणी समजू नये. कंपनी पुढं थोडे दिवस उघडली आणि मग कायमची मिटली. जे शेवटपर्यंत बसले त्यांना चांगला हिशोब मिळाला. बाळारामनं त्यातून घरावर मजला चढवला आणि आज त्या मजल्याच्या भाड्यावर मजेत आहे, पोट सुटलंय. माझ्या हाताला त्याच्या मानानं काहीच लागलं नाही. मी तिला हे जन्मभर ऐकवलं. म्हणायचो, तो बघ मजला, तो तुझ्या बोलण्यापायी गेला. ती म्हणायची, "लखलाभ त्यांना. त्यांची जमीन हाय, त्यांना बसायला जागा हाय. तुमची कुठं हाय?"

 

तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. मी दुपारची सही करून घरी आलो. ती उंबऱ्यावर तशीच. पाटीलवहिनी मेथीच्या जुड्या घेऊन आल्या होत्या. रोज दोघी मेथी निवडत बसायच्या आणि सगळ्या गल्लीचा निकाल लावायच्या. वहिनींनी जुडी पुढं केली.

"नगं. माझा ले-ऑफ हाय."

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "पुरे झाली आता नाटकं." तरी हिनं हात लावला नाही. वहिनींनी एकटीनंच थोडी निवडली, बोलायला गेल्या, पण ही नुसती "हं" करत राहिली. शेवटी त्या कंटाळून भाजी घेऊन निघून गेल्या.

मी आत पाणी प्यायला गेलो आणि तिथून बघितलं. हिची नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीवर काही नव्हतं. चेहऱ्यावर राग नाही, हट्ट नाही, काहीच नाही. आणि मांडीवर बोटं हलत होती. अंगठ्यानं आणि बोटानं काहीतरी खुडायची, बाजूला टाकायची, पुन्हा खुडायची. वहिनी मेथी घेऊन गेल्या होत्या आणि ही रिकाम्या हातानं मेथी निवडत होती. तिला पत्ताही नव्हता.

हा चेहरा मी ओळखला. झाडाखाली रोज बघत होतो.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो.

"बास कर आता."

"तुमी करा की."

"तुझं आणि माझं वेगळं आहे. मला पैसे मिळतात."

"कशाचं मिळत्यात?" ती हळू बोलत होती, भांडत नव्हती. "परवा मी ताट वाढलं. तुमी त्ये पुढंसुदीक वढलं न्हाई. मी वढून देईस्तवर बघत बसला. आदी कधी असं व्हतं? तुमाला ठावं नसंल, पर मला भ्या वाटलं."

मला खरंच ठाऊक नव्हतं.

"जासईचं कामही सुटलं तर?"

"तिसरं बघू."

"आणि कंपनी उघडली, सगळे आत गेले आणि मी बाहेर राहिलो तर?"

"तर मला शिव्या द्या. मी ऐकीन. पर त्या झाडाखालनं रोज अर्धा मानूस घरी येतोय. त्येला मी काय करू?"

मी काही कबूल केलं नाही. तसा माझा स्वभाव नाही. उठलो आणि बाळारामच्या घरी जाऊन मेहुण्याचा पत्ता विचारून आलो. परत आलो तर ही अजून उंबऱ्यावरच होती. मी तिला ओलांडून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आधी उठलो. चहा केला, पूर्ण कप, तिच्या उशाशी ठेवला आणि बाहेर पडलो. आधी गेटवर गेलो. टाइमकीपरनं हजेरी पुढं सरकवली.

"आज नाही," मी म्हटलं. "जासईला चाललोय कामाला. काय लिहायचं ते लिहा."

तो पुढं वाकला. हळूच म्हणाला, "अहो, सही करून जा. दुपारचं मी बघतो."

चांगला माणूस होता. पण मी पेन घेतलं नाही. दुपारच्या सहीची सोय मागं ठेवली असती, तर त्या दिवशी मी जासईला पोचलोच नसतो, हे मला माझंच ठाऊक. दोन बस बदलून उरणच्या रस्त्याला जासईला उतरलो. यार्डात कंटेनर चाळीसारखे एकावर एक रचलेले. मेहुणा खुर्चीवर बसून दात कोरत होता.

"बाळारामनी धारलेला मानूस तूच काय? ट्रक यायला टाइम हाय. बस तिकरं सावलीन."

सावलीत चार-पाच जण उकिडवे बसलेले. एकानं सरकून मला जागा केली.

"झाडू कुठंय?" मी विचारलं.

"आरं, बस ना जरा. आताच आलास."

"लई दिवस बसून आलोय. झाडू द्या."

त्यानं हसत बोट दाखवलं. पलीकडं एका रिकाम्या कंटेनरात घोट्याएवढा भुसा साचला होता. मी चपला बाहेर काढल्या, आत शिरलो आणि झाडायला लागलो.